उतारा मागे

"अगं, आधी मला खाली घे, मग कर ती अनुक्रमणिका!" नवरा छतावरून ओरडला.

"'ऊ' संपतोय. 'ज्ञ'पर्यंत जायचंय," बायको मान वर न करता म्हणाली.

पाठ छताला टेकवून तो तरंगत होता. एक हात पंख्याच्या दांड्याला, दुसऱ्यात भाषणाचे कागद. पाच वाजता विज्ञान मंडळात त्याचं व्याख्यान होतं, 'चेटूक : एक थोतांड'. साडेतीन होऊन गेले होते. पंख्याच्या बटणावर बायकोनं चिकटपट्टी लावून ठेवली होती. नवरा कसाही असला तरी.

बायकोची मावशी चेटूक झकास करायची, पण कारभार सगळा चिठ्ठ्यांवर. जाताना तिनं भाचीला दोनशे एकसष्ट चिठ्ठ्यांचा डबा दिला. भाचीनं तीस वर्षं रेकॉर्ड रूम सांभाळलेली, पसारा दिसला की हात शिवशिवायचे. सहा महिने खपून तिनं एकूण एक चिठ्ठी जाड वहीत अकारविल्हे चिकटवली. शेजारी रकाने आखले : साहित्य, परिणाम, कालावधी. सगळं शाईनं. पेन्सिल म्हणजे कच्चं काम, आणि कच्चं काम तिला खपायचं नाही.

आज जेवण झाल्यावर नवऱ्यानं वही चाळली. "रद्दी छान बांधलीयस," म्हणाला. "खरं असेल तर घाल की माझ्यावर!"

तिनं 'उंच जाणे' काढलं. अर्ध्या मिनिटात चपला तेवढ्या जमिनीवर राहिल्या.

"उतरायचं कसं, ते नाही लिहिलं तुझ्या मावशीनं?"

"नाही. खाली नुसतं 'उतारा मागे' लिहिलंय. सगळ्याच चिठ्ठ्यांवर आहे ते."

"मग मागे बघ ना!"

बायकोचं पेन थबकलं. रेकॉर्ड रूममध्ये उतारा म्हणजे नक्कल. मूळ कागद हातात असताना नक्कल कोण बघतं? तिनं बिनदिक्कत डिंक लावला होता. आणि मावशीचा उतारा म्हणजे चेटूक उतरवायचा उपाय. प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर. दोनशे एकसष्ट पाठी, सगळ्या वहीला घट्ट.

"डिंक कुठला लावलास?" वरून जपून प्रश्न आला.

"सुतार लावतात तो."

छतावर त्यानं पंख्याचा दांडा आणखी घट्ट धरला.

ती उठली. किटली ठेवली, दात-ओठ खाऊन पान वाफेवर धरलं. रकान्यांची शाई फुटून ओघळली. तिनं तिकडे बघितलंच नाही. अखेर पानाचं सालपट घेऊन चिठ्ठी सुटली. तिनं भिंग लावलं.

"'ज्याचं चुकलं, त्यानं तसं म्हणावं. लगेच खाली.'"

"सुटलो! म्हण पटकन."

"मी? थोतांड कोण म्हणालं होतं?"

"आहेच थोतांड!" म्हणताना त्याचं डोकं छतावर आपटलं. "उपाय चिकटवून टाकलास तू. चूक तुझी."

"चिकटवलंय ते नियमानं. 'मागे पाहा' लिहायला मावशीचा हात दुखत होता का?"

"अगं, लोक जमले असतील! सगळं तुझ्या तोंडात आहे."

"तुम्हालाही आहे की तोंड."

पावणेपाचला फोन वाजला. मंडळाचे चिटणीस होते.

"निघाले का साहेब?"

"तयार आहेत हो. फक्त पाय जमिनीला लागत नाहीयेत."

"वा! एवढा आनंद झालाय त्यांना?" चिटणीस हसले. "सावकाश येऊ द्या."

ती टेबलाशी येऊन बसली. चिठ्ठी नव्या पानावर लावली, या वेळी नुसत्या वरच्या कडेला डिंक लावून, म्हणजे उलटता येईल. रकाने पुन्हा आखले. साहित्य भरलं, परिणाम भरला. 'कालावधी' उरला. तिनं वर पाहिलं. नवऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय लिहितेयस?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"'कायमचा.'"

वर कागद सळसळले. पाचचे ठोके पडले.

"पेन्सिलीनं लिही," तो म्हणाला.

तिनं पेनाला टोपण लावलं, आणि घरभर पेन्सिल शोधायला लागली.