वळणावरचा आरसा

इस्त्रीवाल्याच्या भिंतीमुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि मुलगा तर मोटारसायकल अशी हाणतो, जणू रस्ता सासऱ्याने आंदण दिलाय. म्हणून आईंनी नगरपालिकेत तीन दिवस ठाण मांडलं आणि वळणावरच्या खांबाला गोल आरसा बसवून घेतला. मुलाला दम भरला, "वळणावर थांबायचं, आरशात बघायचं, मगच गाडी पुढे काढायची. नाहीतर या घरात पाय ठेवू नकोस."

मुलगा निमूट ऐकू लागला, तरी आईंच्या जिवाचा घोर काही जाईना. शेवटी त्यांनी रंगाऱ्याला शिडीवर चढवलं आणि आरसा वर, आपल्या गॅलरीकडे वळवून घेतला.

"अहो आई, तो गाडीवाल्यांसाठी आहे," सून म्हणाली.

"गाडीवाल्यांनी झिजवल्या का चपला नगरपालिकेत? आता दोन्हीकडचे रस्ते मला बसल्या जागी दिसतात. लेकरू वळणाशी आलं की तुला हाक मारीन, तू ताट वाढायला घे."

संध्याकाळी आईंना आरशात सगळं लख्ख दिसलं. एका रस्त्याने मुलगा येत होता, दुसऱ्याने भरधाव टेम्पो. आई गॅलरीच्या कठड्यावरून वाकून, दोन्ही हात हलवत "थांब, थांब" म्हणून ओरडू लागल्या.


हेल्मेट घातलेला मुलगा वळणावर शिस्तीत थांबला, आरशात पाहिलं तर आई हात हलवताना दिसली, म्हणून त्यानेही हसून हात केला आणि गाडी पुढे काढली.