काचेची आतली बाजू

वाचनालयाच्या सभागृहात खुर्च्या चाळीस मांडल्या होत्या, भरल्या एकतीस. सत्तावीस शाळकरी मुलं, त्यांच्या दोन बाई, आणि पहिल्या रांगेत लेखिकेच्या दोघी आत्या. धाकटी आत्या ठेवणीतले कपडे घालून आली होती आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत आली होती, "भाचीनं आमच्यावर पुस्तक लिहिलंय. आख्खी गोष्ट कवितेत!"

गोष्ट वीज येण्याआधीच्या शहराची होती. रस्त्यांवरचे कंदील सकाळी एका शेडमध्ये उतरवले जात आणि दोघी बहिणी त्यांच्या काजळलेल्या काचा पुसत. थोरलीचा हात आत मावत नसे, म्हणून ती बाहेरून पुसायची. आतली बाजू धाकटीची. हे सगळं लेखिकेला सांगितलं होतं धाकटीनंच, समोरचा चहा गार होईस्तोवर. थोरलीला काहीही विचारलं तरी "हो, होतं तसं," एवढंच.

पुस्तकात मुलगी एकच होती.

"दोघी असल्या की पोरं गोंधळतात. एकीला उडवा," संपादक म्हणाले होते. लेखिकेनं एका दुपारीत धाकटी उडवली आणि आतली बाजूही थोरलीच्याच हाती दिली. कविता आटोपशीर झाली, आणि तिला बरंच वाटलं होतं. धाकट्या आत्याला सांगायचं मात्र आज-उद्या करत राहून गेलं.

ती वाचू लागली.

*माझा हात काचेत शिरतो,*
*काळा होऊन बाहेर येतो.*
*शहर मात्र*
*रात्रभर उजळ.*

"हे माझं काम," धाकटी थोरलीच्या कानाशी लागली. ते कुजबुजणं तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. "मीच सांगितलं होतं हिला."

"गप्प बस गं."

दोन कविता झाल्या. "आता मी येणार बघ." आणखी दोन झाल्या. मग ती पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसली. लेखिकेनं पानावरची नजर वर उचलली नाही. शेवटच्या कवितेत रस्त्यावर विजेचे खांब उभे राहिले, शेडला कुलूप लागलं, आणि मुलगी दारात एकटीच उभी राहिली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी धाकट्या आत्याच्या.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "तिला बहीण नव्हती का? मग ती गप्पा कुणाशी मारायची?"

लेखिकेनं पाण्याचा घोट घेतला. समोर, हाताच्या अंतरावर, धाकटी आत्या उत्तराची वाट बघत हसत होती.

"नाही," लेखिका म्हणाली. "एकटीच होती ती."

धाकटीचं हसू तिथेच राहिलं, फक्त तिनं मांडीवरचे हात उलटे केले. लेखिकेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुढचे प्रश्न काय होते, हे तिला नंतर आठवेना.

मुलं रांगेनं बाहेर गेल्यावर दोघी टेबलाशी आल्या. लेखिकेनं प्रतीवर सही केली. काय लिहावं सुचेना, म्हणून नुसतीच सही. मग थोरलीकडे वळून, कसंबसं, तिनं विचारलं, "आवडलं का गं?"

"नव्हतं तसं," थोरली म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

"तू लक्ष नको देऊ तिच्याकडे," धाकटी म्हणाली. तिनं पुस्तक हातात घेतलं, बोटाला थुंकी लावून एक पान उलटलं, मग दुसरं. प्रत्येक पानावर ओळी डावीकडे, तोकड्या. उजवीकडे नुसता कागद. तिनं त्या कोऱ्या भागावरून अंगठा फिरवला, वरून खाली, काच पुसावी तसा.

"केवढी जागा उरलीय गं," ती म्हणाली. "मला एवढीशी पुरली असती."

पुस्तक पिशवीत घालून, थोरलीचा हात धरून ती पायऱ्या उतरली.

शिपाई खुर्च्या एकात एक घालू लागला. लेखिका टेबलाशीच उभी होती. ग्रंथपालबाईंच्या मेजावर लाकडी पट्टी पडली होती. तिनं ती उचलली, पुस्तक उघडलं आणि काचेच्या कवितेच्या पानावर आडवी ठेवली.

सगळ्यांत लांब ओळ साडेपाच सेंटिमीटर. तिच्या उजवीकडे आठ.