पहिला अर्धा तास

निकालाच्या सकाळी टीव्हीवर निवडणूक विश्लेषक गुरुदत्तचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी टपालाची आणि घरून मत देणाऱ्या म्हाताऱ्यांची मतं मोजतात. हा पहिला अर्धा तास सोडून द्या."

ते ऐकून घरी त्याचे वडील, अण्णा, चिडत. उभा जन्म बंगळुरूच्या देवळांतून कीर्तन केलेला माणूस! "नमनाला समोर चारच जण असले, तरी मी त्यांना कधी सोडून दिलं नाही रे!"

यंदा आमदारकीच्या चार जागा अगदी अटीतटीच्या होत्या. सव्वाआठला आकडे झळकले, तशी निवेदिका वीणा हसून म्हणाली, "सर, हे सोडूनच द्यायचे ना?"

गुरुदत्तने नुकत्याच उगवू लागलेल्या केसांवरून हात फिरवला.

"नको. स्वल्प थांबा. यावरून कोण जिंकेल ते कळणार नाही, पण एकेक आकडा मी वाचून दाखवतो."

त्याने खरंच सगळे वाचले, सावकाश, एकही न गाळता. जाहिराती लागल्यावर वीणाने विचारलं, "आज काय विशेष, सर?"

"पंधरा दिवसांमागे अधिकारी घरी येऊन अण्णांचं मत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी अण्णा गेले," गुरुदत्त म्हणाला. "आत्ता वाचले ना, त्यात ते होते."