नावाड्याचं पाणमांजर

थोरल्या जावेच्या मुलीचं लग्न झालं आणि मांडव उतरतो न उतरतो तोच तिच्या नवऱ्याने, म्हणजे मोठ्या दिरांनी, अंथरूण धरलं, त्या वर्षीची ही गोष्ट.

“थांब, थांब! शेपूट फुटलं म्हणजे? डॉक्टरला दाखवलं की नाही कुणी?”

धाकटी जाऊ बायकांना मोठ्याने वाचून दाखवत होती, तिने पुस्तक मांडीवर आपटलं. “अहो मुकादमीणबाई, कल्पना आहे ही. कल्पनेतला माणूस आहे तो.”

“मग कल्पनेतल्या डॉक्टरला दाखवायचं. त्याला काय धाड भरलीय?”

बायका फिसकन हसल्या. धाकटीची कानशिलं तापली.

उश्या भरायच्या त्या खोलीत एक रीत होती. एकीने खिडकीपाशी खुर्चीवर बसून मोठ्याने वाचायचं आणि तिच्या वाटच्या उश्या बाकीच्यांनी भरायच्या. धाकटी अक्षरं शिकली तीच मुळी चाळिशी उलटल्यावर, पण आवाज खणखणीत, म्हणून खुर्ची तिला मिळाली. त्या खुर्चीत तिचा जीव अडकला होता. कापसाच्या धुरळ्याने तिची छाती भरून यायची. खिडकीपाशी श्वास मोकळा व्हायचा. बायकांना पुस्तक आवडेनासं झालं की खुर्ची जाणार, रेडिओ येणार आणि धाकटी परत कापसात.

आणि या खेपेला तिने आणलेलं पुस्तक असं, की एका नावाड्याचं हळूहळू पाणमांजर होतं. आधी बोटांमध्ये पडदे येतात, मग अंगावर लव, मग शेपूट. धाकटीला ते वाचताना गुदगुल्या व्हायच्या. बायकांना मात्र भलतेच प्रश्न पडायचे.

“आता नाव कोण चालवतं?”

“घरात पैसा कुठून येतो?”

“कुणाचं तरी वाईट केलं असणार मेल्याने. उगाच का शेपूट फुटतं?”

एक ओळ वाचावी आणि दहा प्रश्न झेलावेत. धाकटी अगदी जेरीला आली. त्यात सगळ्यांत वैताग आणला तो तिथेच काम करणाऱ्या थोरल्या जावेने. ती बाकीच्यांसारखी थट्टा करायची नाही. मान खाली घालून उशीचं तोंड शिवत असायची आणि रोज एकच विचारायची, “ते सगळं राहू दे. तो परत माणूस कधी होतो ते सांग.”

“वाचू तर द्या, जाऊबाई!”

“होतो ना पण?”

धाकटी पान उलटायची. ती घरी पुढची पानं वाचून यायची, म्हणजे बायकांसमोर अडखळायला नको. शेवट तिला ठाऊक होता.

शनिवारी शेवटचं प्रकरण निघालं. मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे बघ गं. इतके दिवस त्या जनावराला कान दिले. आज तो माणूस झाला तर ठीक. नाहीतर सोमवारपासून रेडिओ.”

धाकटीने पुस्तक उघडलं. वाचता वाचता शेवटच्या पानाशी आली आणि तिचा आवाज जरा चढला. “...आणि नावाडी काठावर आला. अंगावरची लव गळून पडली. बायकोने हाक मारली. नावाड्याने ओ दिली.”

खोलीभर सुस्कारा पसरला. एकीने पदराने डोळे टिपले. “हां, याला म्हणतात गोष्ट,” मुकादमीण म्हणाली. “सोमवारी दुसरं आण.”

 थोरलीने दाताने दोरा तोडला.

घरी जाताना दोघी नेहमीसारख्या बरोबर निघाल्या. गल्लीच्या वळणावर थोरली थांबली.

“शेवट तुझ्या पदरचा होता ना?”

“छे! काहीतरीच काय?”

“मला अक्षर कळत नाही, पण तुझं बोट कळतं. वाचताना ओळीवरून सरकत असतं. ओ दिली तेव्हा जागचं हललं नाही.”

धाकटीचा इतक्या दिवसांचा राग एकदम उसळला. “मग काय करू? तुम्हीच माझं डोकं खाल्लंत! माणूस कधी होतो, माणूस कधी होतो! तुम्हाला हवं होतं तसं केलं, आता तेही नको?”

“बायकांना नाही सांगणार मी. तुझी खुर्ची राहील,” थोरली म्हणाली. “मला खरं काय ते सांग.”

धाकटीने नाइलाजाने सांगितलं. “तो परत येत नाही. बायको रोज काठावरून हाका मारते. तो वळून बघतो. तिला ओळखत नाही, आणि ती हाक मारतेय तोवर त्याला पुढेही जाववत नाही. नुसता घुटमळतो, खात नाही, पीत नाही. मग एक दिवस ती हाक मारायची थांबते. गप्प बसून राहते पाण्याशी. तेव्हा तो जातो.”

 एक सायकलवाला घंटी वाजवून गेला तरी थोरली बाजूला झाली नाही.

“तिच्यामुळे अडला होता म्हणजे,” ती म्हणाली, आणि चालू लागली.

दीर पडल्यापासून रोज संध्याकाळी थोरली त्यांची हनुवटी धरून विचारायची, “अहो, इकडे बघा. मी कोण? सांगा ना, मी कोण?” ते तोंड उघडून नुसते बघत राहायचे. पलीकडच्या खोलीत धाकटीला ते ऐकवायचं नाही; ती मुद्दाम भांडी आपटायची.

त्या संध्याकाळी तिने भांडी हातात घेतली आणि वाट बघत राहिली. आतून थोरलीचा आवाज येत होता. ती त्यांना मुकादमिणीची नक्कल करून दाखवत होती. लेकीच्या सासरची हकिकत सांगत होती. विचारत काहीच नव्हती.

मोठे दीर पुढच्या गुरुवारी सकाळी वारले; थोरली उशाशीच बसली होती, आणि तिने त्यांना हाक मारली नाही.