हवा लागलेलं पाणी

बेंबळी गावात अण्णारावांच्या बोअरचं पाणी संशोधक मॅडमनी तांब्याच्या नळीत घेतलं आणि दोन्ही तोंडं घट्ट आवळली. "हवा लागू द्यायची नाही, काका. खडकातला हेलियम वायू हजारो वर्षं पाण्यात साचत जातो, त्यावरून पाण्याचं वय कळतं." अण्णाराव घरात गेले आणि ताटलीनं झाकलेली घागर पोटाशी धरून बाहेर आले. "बायको वारली, त्या सकाळी तिनंच ही भरली व्हती. सात महिन्यांत निम्मी आटली. ह्येबी पाणी नळीत आवळा, मॅडम. त्या दिवशीचं हाय तसंच ऱ्हावं." मॅडमनी हातातली नळी खाली ठेवली. "काका, हवा लागली की जुना वायू निघून जातो. यंत्राला हे पाणी आजचंच दिसेल. ताटली कधी काढली होती का?" अण्णारावांनी ताटली तळहातानं दाबून धरली. "रोज सकाळी. उगं बघायला, हाय का म्हणून."