साडेतेवीस

नवा जोड घालून गणिताच्या बाई उभ्या राहिल्या आणि लगेच त्यांनी टेबलाची कड धरली.

"पोरी, हा बूट आहे की शिडी?"

बाईंचा डावा पाय आखूड, म्हणून डाव्या बुटाच्या तळात बुचाचा जाड थर. गेली सव्वीस वर्षं तो या दुकानात मुलीचे बाबा बसवत आले होते. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच जोड. जमला तर दुकान चालवायचं, नाहीतर किल्ली जागामालकाला परत, असं घरात ठरलं होतं. ती किल्ली मुठीत धरून आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

"माप वहीतलंच घेतलंय, बाई." मुलीने वही उघडून बोट ठेवलं. बाबांच्या बारीक अक्षरात, बाईंच्या प्रत्येक जोडापुढे एकच आकडा. साडेतेवीस मिलिमीटर. "अर्ध्याचीसुद्धा कसूर केली नाही."

"मग या वयात माझा पाय वाढला म्हणायचा," बाई म्हणाल्या. "तुझे बाबा तर चुकायचे नाहीत."

आईने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

मुलीने बाईंचा जुना बूट उचलला. खाली रबर असल्याने आतलं बूच झिजलेलं नव्हतं. तिने आपली नवी पट्टी लावली. साडेतेरा. पुन्हा लावली. साडेतेराच. इतकी वर्षं बाबा लिहीत एक होते आणि बसवत एक होते?

तिने खणातून त्यांची पोलादी पट्टी काढली. सुरुवातीच्या दहा मिलिमीटरच्या रेघा पार पुसल्या होत्या. म्हणून तर तिने नवी आणली होती. या दुकानात शिलाई तिची आणि माप बाबांचं. ही पट्टी तिने कधी हातात धरलीच नव्हती. आता धरली, तर अंगठा आपसूक त्या गुळगुळीत टोकावर जाऊन बसला. नखाला लागून दहाची रेघ. ती रेघ तिने बुचाच्या एका कडेला लावली. दुसरी कड आली तेवीस आणि चोवीसच्या बरोब्बर मधे.

मोजताना दहापासून, कापतानाही दहापासून. वजाबाकीची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. आणि दोन रेघांमधली ती एवढीशी जागा, जिथे काहीच छापलेलं नसतं, तीसुद्धा ते दर वेळी वाचत होते.

बाईंनी वाकून पाहिलं. "जन्मभर मी पोरांच्या वजाबाक्या तपासल्या," त्या म्हणाल्या, "आणि हा गृहस्थ ती न करताच बरोबर!"

मुलीने तळ सोडवला, त्याच पट्टीने बूच नव्याने कापलं, तळ पुन्हा चिकटवला. पाऊण तासाने बाई दारापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. फरशीवर दोन्ही पावलांचा आवाज सारखाच येत होता.

आई उठली. तिने किल्ली खिळ्याला अडकवली.

मुलीने वही ओढून आजची तारीख घातली.

"आता तरी खरं लिही," बाई म्हणाल्या. "साडेतेरा."

डाव्या हाताचा अंगठा पट्टीवर तसाच ठेवून तिने लिहिलं, साडेतेवीस.