विसराळू

“सुदर्शनला भावंडं किती?” अपेक्षानं फोनवर विचारलं.

“असेल कोणीतरी अकोल्याला,” पलीकडून पियुष म्हणाला. “कधी विषय निघाला नाही.”

फोन स्पीकरवर होता. कोथरूडच्या त्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या दोन काकूंनी खाणं थांबवून कान इकडे लावले. समोर सुदर्शन मान खाली घालून डोशाचे तुकडे करत होता. पियुष त्याचा रूममेट. चार वर्षं दोघं एका खोलीत राहत होते.

अपेक्षाची ही रीतच होती. मुलगा स्वतःबद्दल जे सांगेल ते ती ऐकून घ्यायची आणि सोडून द्यायची. तिसऱ्या भेटीत मात्र त्याच्यासमोरच त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राला फोन लावायची. अशी नऊ स्थळं गळाली होती. “लग्न करतेयस की नोकरीला ठेवतेयस?” असं आई विचारायची. पण हा दहावा तिला मनापासून आवडला होता, आणि आज घरी हो की नाही ते सांगायचं होतं. त्यामुळे तिला धाकधूक होती.

“बरं, स्वभाव कसा आहे?”

“चांगला आहे.”

“चांगला म्हणजे?”

“म्हणजे... चांगला आहे.” फोनमध्ये मागे कुठेतरी कोकीळ ओरडला. “मी ऑफिसात आहे. मीटिंग आहे. ठेवू?”

अपेक्षा थक्क झाली. तिच्या ऑफिसात सोमवारी एक नवी मुलगी आली होती. तिच्या सासूला कुठल्या डाळीनं पित्त होतं, ते बुधवारपर्यंत सगळ्या बायकांना पाठ झालं होतं. आणि हे दोन महाभाग चार वर्षं एकाच बादलीनं अंघोळ करत होते.

“तुमच्या घरी आणखी कोण येतं?” तिनं सुदर्शनला विचारलं.

“पोळ्यांच्या मावशी.”

“नाव काय त्यांचं?”

सुदर्शननं नुसता फोन पुढे केला. नंबर ‘पोळ्या’ या नावानं सेव्ह होता.

अपेक्षा फोन घेऊन हॉटेलच्या दाराशी गेली. मावशींचं नाव वेणूबाई, हे पहिल्याच मिनिटात कळलं. चौथ्या मिनिटाला त्यांच्या नातीला बारावीत कोणता विषय जड जातो ते कळलं. सातव्या मिनिटाला दोघी एका गल्लीत वाढल्यासारख्या बोलत होत्या.

“पोरगा गुणाचा हाय,” वेणूबाई म्हणाल्या. “पण विसराळू लई. आताशा सकाळी डबा करून घेतो आन् रोज घरीच ठेवून जातो. मग त्यो पियुष उचलतो. आन् त्या पियुषचं सांगू का? कुणाला बोलू नका बाई. दोन महिनं झालं, नोकरी गेलीय त्याची. बॅग घेऊन निघतो आन् दिवसभर बागेत बसतो. मी जाता-येता बघते. त्याला वाटतं, कुणाला ठाव न्हाई.”

अपेक्षा परत येऊन बसली तेव्हा तिचं मन पार खट्टू झालं होतं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाचं असं झालंय आणि याला पत्ता नाही. उद्या आपण उशीत तोंड खुपसून रडत असलो, तरी हा शेजारी बसून मॅच बघेल. आईला नाहीच म्हणायचं, तिनं ठरवलं.

“पियुषची नोकरी गेलीय,” ती म्हणाली. “माहीत आहे तुला?”

“हो.”

“कधीपासून?”

“गेली त्याच दिवसापासून. खुंटीवर त्याचं आयकार्ड दिसलं नाही.”

तेवढ्यात टेबलावरचा सुदर्शनचा फोन उजळला. पियुषचा मेसेज होता. ‘आज पण डबा विसरलास. मी खाल्ला. भेंडी भारी होती.’ सुदर्शन तो वाचून जरासा हसला. ‘ओके’ एवढंच लिहून त्यानं फोन पालथा ठेवला आणि पुन्हा डोसा खायला लागला.

अपेक्षा त्याच्याकडे बघतच राहिली. दोन महिने रोज सकाळी डबा विसरायची आठवण ठेवायची, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तिच्या ऑफिसातल्या कुठल्याही बाईला हे जन्मात जमलं नसतं. तिला स्वतःला तर दोन दिवससुद्धा नाही.

“एकदा तरी विचारायचं ना त्याला,” ती हळूच म्हणाली.

“विचारलं असतं, तर त्याला सांगावं लागलं असतं.”

अपेक्षानं तिथूनच आईला फोन लावला. “आई, माझा होकार आहे.”

“अगं बाई,” आई म्हणाली. “आणि तो मित्र? काय म्हणाला तो?”

“म्हणाला, चांगला आहे.”